डोक्यापेक्षा जरा वर: व्हॉलीबॉल, विल्यम मॉर्गन आणि तुमचे प्रश्न

सुगी आटोपली, शेतं मोकळी झाली की सीमाभागात गावोगावी व्हॉलीबॉलची जाळी लागते. या खेळाविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. काही प्रश्न खेळाच्या जनकाविषयी होते, तर बरेचसे खांब, माती आणि चेंडू यांविषयी. दोन्ही एकत्रच छापत आहोत, कारण मैदानावरच्या अनेक मापांचं कारण त्या माणसापाशी जाऊन पोहोचतं.

प्रश्न: मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात “व्हॉलीबॉलचा शोध: डब्ल्यू. जी. मॉर्गन, १८९५” एवढीच ओळ आहे. हा माणूस कोण होता आणि खेळ शोधावा असं त्याला का वाटलं? (पालक, येळ्ळूर)

उत्तर: विल्यम जॉर्ज मॉर्गन यांचा जन्म २३ जानेवारी १८७० रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात लॉकपोर्ट या गावी झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या माउंट हर्मन शाळेत असताना त्यांची बास्केटबॉलचे जनक जेम्स नायस्मिथ यांच्याशी गाठ पडली. मॉर्गन यांचा अंगचा खेळ पाहून नायस्मिथ यांनी त्यांना स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए (तरुणांसाठीची ख्रिस्ती संघटना) प्रशिक्षण शाळेत यायला सांगितलं. तिथलं शिक्षण संपवून १८९५ मध्ये मॉर्गन जवळच्याच होल्योक गावात वायएमसीएचे व्यायाम संचालक झाले. होल्योक हे कागद गिरण्यांचं गाव. त्यांच्या वर्गाला तरुण पोरं यायची, तसेच पोट सुटलेले, दिवसभर खुर्चीत बसणारे मध्यमवयीन व्यापारीही यायचे.

खेळ जन्मला तो या व्यापाऱ्यांसाठी. नायस्मिथ यांचा बास्केटबॉल तेव्हा अवघ्या चार वर्षांचा होता. तरुणांना तो आवडे, पण चाळिशी ओलांडलेल्यांची धावपळीत आणि धक्काबुक्कीत दमछाक व्हायची. मॉर्गन यांना मनोरंजन हवं होतं, थोडी मेहनतही हवी होती, पण एकाचं अंग दुसऱ्यावर आदळायला नको होतं. टेनिसचा विचार त्यांनी केला, पण टेनिसला प्रत्येकाला रॅकेट लागते. म्हणून त्यांनी रॅकेट काढून टाकली, जाळी ठेवली आणि ती उचलली. किती उचलली? ६ फूट ६ इंच, म्हणजे १.९८ मीटर. साधारण उंचीच्या माणसाच्या डोक्यापेक्षा जरा वर. या एका निर्णयाने दोन्ही संघ वेगळे झाले, धक्काबुक्की संपली आणि चेंडू वरून घालवायचा म्हणून सगळ्यांचे हात खांद्यांच्या वर गेले. आमच्या मते मॉर्गन यांची खरी कल्पकता या उंचीत आहे.

चेंडूने मात्र त्यांना छळलं. बास्केटबॉलचा चेंडू जड, त्याने मनगटं दुखत. त्याच्या आतला नुसता रबरी ब्लॅडर वापरून पाहिला, तर तो फार हलका आणि संथ निघाला. शेवटी त्यांनी चिकोपी इथल्या स्पाल्डिंग कंपनीला नवा चेंडू बनवायला सांगितलं. रबरी ब्लॅडर, वर चामडं किंवा किंतान, घेर २५ ते २७ इंच, वजन ९ ते १२ औंस. आजच्या नियमातला ६५ ते ६७ सेंटिमीटर घेराचा आणि २६० ते २८० ग्रॅम वजनाचा चेंडू या मापांत नेमका बसतो. सव्वाशे वर्षांत बाकी बरंच बदललं, पण चेंडू तिथेच राहिला.

नियम लिहायला होल्योकचेच दोन स्नेही, डॉ. फ्रँक वुड आणि जॉन लिंच, त्यांच्या मदतीला आले. खेळाचं पहिलं नाव होतं “मिंटोनेट”, बॅडमिंटनवरून घेतलेलं. (त्या बॅडमिंटनच्या सुरुवातीच्या इतिहासात पुण्याच्या इंग्रज छावणीचं नाव येतं. म्हणजे धागा आपल्या बाजूलाही येऊन टेकतो.) १८९६ मध्ये स्प्रिंगफील्डला व्यायाम संचालकांची परिषद भरली. तिथे मॉर्गन यांनी पाच-पाच जणांचे दोन संघ उतरवून खेळ दाखवला. तो पाहणाऱ्यांपैकी आल्फ्रेड हॅलस्टेड यांनी सुचवलं की चेंडू जमिनीवर पडू न देता हवेतल्या हवेत टोलवायचा, तर नाव “व्हॉली बॉल” असावं. मॉर्गन यांनी आपलं नाव सोडून ते लगेच स्वीकारलं.

प्रश्न: बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल एकाच माणसाने शोधले, असं आमच्या मंडळात एकजण सांगतो. खरं काय? (वाचक, कंग्राळी)

उत्तर: नाही, माणसं दोन. गल्लत होते ती दोघांची शाळा एकच असल्यामुळे. नायस्मिथ मूळचे कॅनडाचे. डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी स्प्रिंगफील्डला व्यायामशाळेच्या सज्जाला १० फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि १८ विद्यार्थ्यांचे दोन संघ खेळवले. मॉर्गन त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. होल्योक आणि स्प्रिंगफील्ड यांच्यामधलं अंतर बेळगावहून खानापूरला जाण्याइतकंही नाही.

प्रश्न: एवढा मोठा खेळ दिल्यावर मॉर्गन यांना काय मिळालं? पुढे ते कुठे गेले? (निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी)

उत्तर: पैसा आणि पद या अर्थाने फारसं काही नाही. काही वर्षांनी त्यांनी वायएमसीए सोडली आणि जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाउस अशा कंपन्यांत नोकरी केली. २७ डिसेंबर १९४२ रोजी जन्मगावी लॉकपोर्टलाच त्यांचं निधन झालं. व्हॉलीबॉलचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९४७ मध्ये पॅरिसला स्थापन झाला आणि खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो १९६४ मध्ये, टोकियोला. दोन्ही गोष्टी त्यांना पाहायला मिळाल्या नाहीत. होल्योकला आज व्हॉलीबॉलचं हॉल ऑफ फेम आहे, त्यात १९८५ साली पहिलं नाव लागलं ते मॉर्गन यांचं.

त्यांनी खेळाला धरून ठेवलं नाही, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आज आपण पाहतो त्या खेळाची निम्मी अंगं इतरांनी जोडलेली आहेत. उंच चेंडू उचलून देणं आणि त्यावर स्मॅश मारणं ही जोडी १९१६ च्या सुमारास फिलिपिन्समधल्या खेळाडूंनी घडवली. १९१७ मध्ये डाव २१ ऐवजी १५ गुणांचा झाला, १९१८ मध्ये सहा खेळाडू ठरले, १९२० मध्ये तीन स्पर्शांची मर्यादा आली. लिबेरो, म्हणजे फक्त बचावासाठीचा खेळाडू, आला १९९८ मध्ये. सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धतही त्याच सुमाराची. आपल्याकडे खेळ रुजवण्यात वायएमसीएचा वाटा मोठा. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू केलं आणि तिथून शिकलेले शिक्षक देशभर गेले. आशियाई स्पर्धांत भारतीय पुरुष संघाने १९५८ मध्ये कांस्य, १९६२ मध्ये रौप्य आणि १९८६ मध्ये पुन्हा कांस्य मिळवलं.

प्रश्न: शाळेत लोखंडी पाइपचे खांब रोवले. सहा महिन्यांत दोन्ही आत झुकले. जाळी कितीही ताणली तरी मधोमध लोंबते. लहान मुलांसाठी उंची किती ठेवावी तेही कळवावे. (शारीरिक शिक्षण शिक्षक, नंदगड)

उत्तर: बहुतेक गावांत हे घडतं आणि कारणही बहुतेक वेळा एकच असतं. दुकानात जीआय पाइप ६ मीटरचा, म्हणजे २० फुटांचा मिळतो. तो मधोमध कापला की ३-३ मीटरचे दोन तुकडे होतात, पैसे वाचतात. पण खांब जमिनीवर २.५५ मीटर हवा. मग जमिनीत उरतो जेमतेम ४५ सेंटिमीटर. जाळीची तार वरच्या टोकाला आत ओढते, खालचा आधार अपुरा, त्यात पावसाळ्यात माती मऊ. खांब झुकणारच.

जमिनीत किमान ९० सेंटिमीटर जायला हवेत, म्हणजे एका खांबाला ३.४५ मीटर पाइप. दोन पाइप घ्या, उरलेले तुकडे वाया जात नाहीत. फुटबॉलच्या छोट्या गोलाला किंवा झोपाळ्याला लागतात. पाइप ३ इंची घ्यावा, २ इंची ताणाने वाकतो. खड्डा ६० बाय ६० सेंटिमीटरचा आणि एक मीटर खोल. तळाला खडी टाकून धुमस करा, त्यावर खांब ओळंब्यात उभा करून १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाचं काँक्रीट. सात दिवस गोणपाट टाकून पाणी मारा आणि २१ दिवस होईपर्यंत तार ताणू नका. घाईने ताणलेला खांब कच्च्या काँक्रीटमध्ये सुटतो आणि मग कधीच घट्ट बसत नाही.

शाळेच्या पटांगणात प्रार्थना, कवायत, सगळंच चालत असेल, तर खांब कायमचा रोवू नका. ४ इंची पाइपचा ९० सेंटिमीटरचा तुकडा काँक्रीटमध्ये बसवा आणि ३ इंची खांब त्यात सोडून लाकडी पाचरी ठोका. खांब काढल्यावर तोंडावर झाकण हवंच, नाहीतर मुलांचा पाय अडकतो आणि पावसात भोक मातीने भरतं.

झुकलेल्या खांबाला मागून तार लावून खुंटीला बांधणं हा सर्रास केला जाणारा उपाय नियमात बसत नाही आणि धोक्याचाही आहे. चेंडूमागे धावणाऱ्याच्या गळ्याला किंवा नडगीला ती तार लागते, संध्याकाळी तर दिसतच नाही. खांब बाजूच्या रेषेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर हवा. त्याला जमिनीपासून दोन मीटरपर्यंत काथ्या किंवा जुनी गादी गुंडाळून वर गोणपाट शिवून टाका.

आता लोंबणं. जाळीच्या वरच्या पट्टीतून सुतळी किंवा नायलॉनची दोरी घातली असेल तर ती बदला. नायलॉन उन्हात आणि ताणाने लांबतं, सकाळी ताणलेली जाळी दुपारी खाली येते. तिथे पोलादी तार घाला आणि एका टोकाला टर्नबकल (फिरवून तार ताणायचा आटा) लावा. खालच्या कडेला साधी दोरी चालते. दुसरी चूक मोजण्याची असते. आपण उंची खांबापाशी मोजतो. ती मोजायची मैदानाच्या मध्यावर. पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४. मध्य जुळला की दोन्ही बाजूच्या रेषांवर मोजा. तिथली उंची दोन्हीकडे सारखी हवी आणि ठरलेल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त वर नको. यासाठी टेप घेऊन कोणी खुर्चीवर चढायची गरज नाही. एक सरळ लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर २.४३, २.२४ आणि १.९८ या खुणा करून ठेवा.

१.९८ ची खूण लहान मुलांसाठी. ती मॉर्गन यांचीच मूळ उंची. दहा-बारा वर्षांच्या मुलांना २.४३ च्या जाळीखाली उभं केलं की ती चेंडू वर ढकलण्यातच दमतात, हाताची चुकीची सवय लागते आणि महिनाभरात निम्मी मुलं येईनाशी होतात. १.९८ वर सुरू करा. वर्ग चांगला परतवायला लागला की दर काही महिन्यांनी ५ सेंटिमीटर वाढवा.

प्रश्न: आमच्याकडे काळी जमीन. पावसाळ्यात मैदान चिखल होतं आणि मार्च उजाडला की बोट जाईल एवढ्या भेगा. कायमचं मैदान करायचं आहे. किती मुरूम लागेल? (तरुण मंडळ, चिकोडी तालुका)

उत्तर: काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यावर थेट मुरमाचा पातळ थर टाकला तर एका पावसाळ्यात खालची माती वर येते, मुरूम खाली जातो आणि खर्च मातीत. आधी ती माती काढावीच लागते.

मैदान १८ बाय ९ मीटर, भोवती सगळीकडे ३ मीटर मोकळी जागा, म्हणजे २४ बाय १५, ३६० चौरस मीटर. ३० सेंटिमीटर खोदा. तळाला १५ सेंटिमीटर दगडगोटे आणि जाड मुरूम भरून रोलर फिरवा, वर १५ सेंटिमीटर चांगला तांबडा मुरूम. दाबून १५ सेंटिमीटर हवा तर सुटा मुरूम साधारण २५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो. पैसे कमी असतील तर भोवती २ मीटर जागा धरा आणि वरचा थर १० सेंटिमीटरचा करा. १३ ब्रासमध्ये भागेल, पण दर दोन वर्षांनी डागडुजी करावी लागेल. खानापूर बाजूच्या लोकांना हा खर्च नाही. तिथली जांभ्याची जमीन मुळातच निचऱ्याची, नुसती सपाट करून दाबली तरी चालते.

मुरूम एकदम ओतू नका. सात-आठ सेंटिमीटरचा थर, त्यावर पाणी, मग रोलर, मग पुढचा थर. पाणी किती याची परीक्षा मुठीत होते. मुरूम मुठीत दाबला की गोळा टिकला पाहिजे, पण तळव्याला पाणी सुटता कामा नये. जास्त झालं तर रोलरला चिकटून थर उचलतो, कमी झालं तर आठवड्यात धूळ उडते. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर चाळलेल्या मुरमाचे. खडा राहिला की गुडघे फुटतात आणि चेंडूचं कातडं सोलतं.

उतार कसा द्यायचा, यात अनुभवी गवंडीही चुकतात. सवयीने ते रस्त्यासारखा मधे उंचवटा देऊन दोन्ही बाजूंना उतार काढतात. मग जाळी सपाट ताणली तरी बाजूच्या रेषांवर जमीन खाली गेलेली असते आणि तिथली उंची नियमाबाहेर जाते. उतार जाळीच्या खालून दोन्ही मागच्या रेषांकडे काढा. नियमाने मोकळ्या मैदानाला मीटरला ५ मिलिमीटर उतार चालतो. ९ मीटरला तो साडेचार सेंटिमीटर होतो, पाणी जायला पुरेसा. पाण्याच्या नळीने लेव्हल काढली की काम चोख होतं. आणि मैदान उत्तर-दक्षिण लांब असावं. आपल्याकडे खेळ रंगतो संध्याकाळी. पूर्व-पश्चिम मैदानावर एका संघाच्या डोळ्यांत थेट ऊन येतं.

काटकोन जुळला का हे पाहायला कर्ण मोजा. १८ बाय ९ चे दोन्ही कर्ण २०.१२ मीटर आले पाहिजेत. विटा आडव्या पुरून रेषा काढण्याची पद्धत मात्र सोडा. पक्क्या वस्तूंच्या रेषांना नियमात बंदी आहे, पाय घसरून किंवा अडखळून घोटा मुरगळतो.

प्रश्न: नवा चेंडू दोन महिन्यांत लंबगोल झाला. हवा पंक्चरच्या दुकानात भरतो. (खेळाडू, जांबोटी)

उत्तर: तिथेच बिघडतो. व्हॉलीबॉलला दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो एवढाच दाब लागतो, म्हणजे साधारण साडेचार पीएसआय. सायकलच्या ट्यूबला याच्या कितीतरी पट लागतो, आणि कॉम्प्रेसरने एक क्षण जास्त दिला की ब्लॅडर ताणून कातड्याचे जोड उसवू लागतात. हातपंप आणि छोटा गेज घ्या. सुई पाण्याने ओली करून सरळ घाला. तेल लावू नका, त्याने रबर सडतं. महिन्यातून एकदा चेंडू किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा आणि शिंप्याच्या टेपने घेर मोजा. २६० ते २८० ग्रॅम, ६५ ते ६७ सेंटिमीटर. भिजलेला चेंडू चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका, सावलीत टांगा.

प्रश्न: जत्रेच्या स्पर्धेत रेषेवरच्या चेंडूवरून सामना थांबला. एका संघाचं म्हणणं, “रेषा म्हणजे बाहेर.” (आयोजक, उचगाव)

उत्तर: आजच्या नियमाने रेषा मैदानाचाच भाग. चेंडूचा कुठलाही भाग रेषेला टेकला की आत. गंमत अशी की मॉर्गन यांच्या काळच्या नियमांत उलट होतं, रेषेवरचा चेंडू बाहेर धरत. तेव्हा तो संघ शंभर वर्षं उशिरा बोलत होता एवढंच.

वाद बहुधा रेषा नीट नसल्याने होतो. रेषा ५ सेंटिमीटर रुंद आणि ती १८ बाय ९ च्या आत येते, बाहेर नाही. ५ सेंटिमीटरच्या फटीची लाकडी चौकट करून घ्या आणि दोरीला लावून तिच्यातून फक्की मारा, हाताने मारलेली रेषा कुठे तीन, कुठे आठ सेंटिमीटर होते. चुना वापरू नका, तो डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. खडूची भुकटी बरी. प्रत्येक सेटनंतर पुसलेला भाग पुन्हा भरा. दोन रेषापंच कर्णाच्या दोन टोकांच्या कोपऱ्यांत, कोपऱ्यापासून एक-दोन मीटरवर उभे करा आणि हातात झेंडे द्या. झेंडा खाली मैदानाकडे म्हणजे आत, वर म्हणजे बाहेर. आपल्या स्पर्धांत एक संघ मराठी बोलणारा तर समोरचा कन्नड, असं नेहमीचंच आहे. झेंड्याला भाषा लागत नाही.

आणि पंचाशी बोलायचं फक्त कर्णधाराने. हा नियम नवा नाही. मॉर्गन यांच्या पहिल्या नियमांतच होतं की कर्णधाराशिवाय कोणी पंचाशी बोललं, किंवा पंचाला वा समोरच्या संघाला टाकून बोललं, तर त्याला खेळाबाहेर काढता येईल. सामन्याआधी नाणेफेकीच्या वेळी हे दोन्ही भाषांत मोठ्याने सांगा.

प्रश्न: ब्लॉक करताना (जाळीवर हात उंचावून चेंडू अडवताना) बोटाच्या टोकावर चेंडू बसला. बोट ओढून घेतलं, पण टोक सरळ होत नाही. (महाविद्यालयीन खेळाडू, अनगोळ)

उत्तर: बोट ओढायला नको होतं. आता पुन्हा ओढू नका, चोळूही नका. टोकाचं पेर आपल्या आपण सरळ होत नसेल तर ते सरळ करणारा स्नायुबंध तुटलेला किंवा हाडाचा कपचा निघालेला असू शकतो. याच आठवड्यात एक्स-रे काढून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. साधारणपणे टोकाचा सांधा सहा ते आठ आठवडे पट्टीत अखंड सरळ ठेवावा लागतो. आंघोळीला म्हणून पट्टी काढली आणि बोट एकदा जरी वाकलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. बरीच बोटं कायमची वाकडी राहतात ती यामुळेच. ताज्या दुखापतीला फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, हात उंच, आणि अंगठी असेल तर सूज चढायच्या आत काढणं. ब्लॉकला बोटं फाकलेली आणि ताठ हवीत, टोकं चेंडूकडे रोखलेली नकोत.

प्रश्न: आम्ही पन्नाशी-साठीतले दहा-बाराजण रोज सकाळी फिरायला जातो. तरुणांसारखा व्हॉलीबॉल झेपत नाही. आमच्या वयाला काही बेताचा प्रकार आहे का? (ज्येष्ठ वाचक, शहापूर)

उत्तर: आहे. मूळ खेळच तुमच्या वयाच्या लोकांसाठी होता, तोच खेळा. मॉर्गन यांच्या नियमांनी खेळायला जागाही कमी लागते. ५० बाय २५ फूट, म्हणजे १५.२ बाय ७.६ मीटर. जाळी १.९८ मीटरवर. एका बाजूला किती जण असावेत याला बंधन नाही, सहा-सहा छान होतात.

सामना ९ डावांचा. एका डावात प्रत्येक बाजूला तीन सर्व्हिस. सर्व्हिस करणारा त्याची बाजू चुकेपर्यंत करत राहतो, चुकली की तो बाद आणि पुढच्याची पाळी. तिघे बाद झाले की दुसरी बाजू. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला मिळतो. पहिली सर्व्हिस चुकली तर टेनिससारखी दुसरी संधी आहे. सर्व्हिस हाताने टोलवून किमान १० फूट गेली पाहिजे. वाटेत आपल्याच बाजूच्या गड्याने चेंडूला हात लावून तो जाळीपलीकडे घालवला तरी चालतं, त्यामुळे खांदा दुखणाऱ्यालाही सर्व्हिस जमते.

स्पर्शांना मर्यादा नाही, हा या खेळाचा सर्वांत सुखाचा भाग. चेंडू आपल्या बाजूला कितीही वेळा, कितीही जणांनी उडवावा, फक्त तो जमिनीला टेकू द्यायचा नाही आणि क्षणभरही धरून ठेवायचा नाही. एकट्याने चेंडू हातावर उडवत पुढे जायलाही मुभा होती, पण जाळीपासून ४ फुटांवरच्या रेषेपर्यंतच. ती रेषा आखून घ्या, जाळीवर कोणी आदळत नाही. जाळीला हात लागला की चेंडू मेला. स्मॅश मॉर्गन यांच्या काळी नव्हताच, तुम्हीही तो बाद ठरवा. एकाने जरी मारायला सुरुवात केली तरी बाकीचे मागे सरकतात आणि खेळ दोघांचा होऊन बसतो.

तळवे आणि कोपरांचा आतला भाग पहिल्या आठवड्यात लाल होईल, तेवढं चालतं. खेळण्याआधी दहा मिनिटं चाला आणि खांदे, मनगटं, घोटे फिरवून घ्या. खाली पडणारा चेंडू उचलायला कंबरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका, आणि मागे उलटं धावणं पूर्ण टाळा. या वयात त्याने पडायची भीती मोठी. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पहिल्या दिवशी ९ डाव नकोत. तीन खेळा, दुसऱ्या दिवशी अंग कसं आहे ते पाहा आणि मग एक-एक वाढवत न्या.